उपवासकाळ, आई आणि सिनसिनाटीतला शुक्रवार

वसईत लहानपणी शुक्रवारी मटण बंद म्हणजे आमची चैनच असायची. उपवासकाळ लागला की आई दर शुक्रवारी बोंबील नाहीतर कोळंबी करायची आणि शेजारचे मित्र विचारायचे, हा कसला रे उपवास? उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं.

नोकरीनिमित्त ओहायोतल्या सिनसिनाटीत आलो, तर इथेही तेच! उपवासकाळात दर शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये ‘फिश फ्राय’. तळलेला कॉड, कोलस्लॉ, आणि पार्किंगला जागा नाही. मॅकडोनाल्ड्सचं फिश सँडविचही याच शहरातलं. कॅथलिक वस्तीत शुक्रवारी बर्गर खपेनात, म्हणून लू ग्रोन या फ्रँचायझीवाल्यानं 1962 मध्ये ते काढलं.

यंदा आई आमच्याकडे होती. वय 67, मधुमेह. राखेच्या बुधवारी ती दिवसभर कोऱ्या चहावर राहिली, गोळी मात्र घेतली. संध्याकाळी कपाळावर राख लावून घरी आलो आणि तिचे हात थरथरायला लागले. शुगर 54! साखरपाणी दिलं, अर्ध्या तासात सावरली. मी घाबरलो होतो, त्यामुळे चिडूनच बोललो. अगं, उपवासाचा नियम 18 ते 59 वयापर्यंतच. तोही दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. त्यातही एक पूर्ण जेवण आणि दोनदा थोडं खाता येतं. आजाऱ्यांना तर सूटच. बाकीच्या शुक्रवारी फक्त मांस वर्ज्य, रविवार तर चाळीस दिवसांत धरतच नाहीत. देवदूतानं मरियामातेला निरोप दिला तो 25 मार्चचा सण 2022 मध्ये शुक्रवारी आला, तेव्हा मटणसुद्धा चाललं!

“तू कॉम्प्युटरवाला, तुला नियमच दिसणार,” आई म्हणाली. “पप्पा गेले त्या वर्षापासून मी असाच धरते.”

हे मला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं मी फोनवर ‘जेवलीस का?’ विचारायचो, ती ‘हो’ म्हणायची.

शेवटी तिला इथल्या फादरांकडे नेलं, दुभाषा मीच. ते म्हणाले, जेवण आणि गोळी वेळेवर घ्या, सोडायचंच तर दुसरं काही सोडा. माझं ऐकलं नाही, त्यांचं ऐकलं. रात्रीची मालिका सोडली. (घरात केवढी शांतता!)

पुढच्या शुक्रवारी तिला फिश फ्रायला घेऊन गेलो. कॉडचा तुकडा तिनं तोंडात टाकला, बराच वेळ चघळला.

“ना मसाला, ना आंबट,” ती म्हणाली. “तुमचं प्रायश्चित्त खरं रे बाबा.”