फोटो हजारो, हातात एकही नाही!

पूर्वी घरात लग्न, मुंज, बारसे ठरले की कॅमेऱ्यात ३६ फोटोंचा रोल पडायचा. रोल संपला की तो स्टुडिओत धुवायला द्यायचा आणि दुकानदार 'नाळे बर्री' म्हणाला की दुसऱ्या दिवशी पुन्हा चक्कर मारायची. फोटोंचे पाकीट घरी आले की आधी वडीलधाऱ्यांनी बघायचे, मग शेजारपाजाऱ्यांनी. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. एका बारशात पाचशे फोटो निघतात. पण अज्जी 'दाखव की रे' म्हणाली की आपण मोबाईलवर बोट फिरवत बसतो आणि नेमका हवा तो फोटो काही सापडत नाही.

मोबाईलमध्ये आहे म्हणजे सुरक्षित आहे, असे आपण धरून चालतो. ज्या ऑर्कुटवर एकेकाळी तरुण मुलांनी आपले अल्बम चढवले, ते २०१४ साली बंद झाले. गुगलने पिकासा २०१६ साली गुंडाळले आणि गुगल फोटोजवरची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून थांबवली. मोबाईल हरवणे, पाण्यात पडणे हे तर रोजचेच.

याची खरी किंमत कळते ती घरातले माणूस गेल्यावर. भिंतीवर लावायला, वर्तमानपत्रात द्यायला फोटो हवा असतो आणि शोधाशोध सुरू होते. शेवटी कुठल्या तरी लग्नातल्या गर्दीतून तो चेहरा कापून मोठा केला जातो, नाहीतर आधार कार्डावरचा फोटो पुढे येतो. ज्या माणसाने सगळ्या घराला सांभाळले, त्याची आठवण अशी धूसर राहावी हे बरे नाही. म्हणून फोटो छापून घ्यावेत, आणि ते कुठे छापावेत याचा थोडा विचार करावा.

आधी काम ठरवा, मग दुकान

'एका फोटोला किती?' हा आपला पहिला प्रश्न असतो. माझ्या मते पहिला प्रश्न 'हा फोटो कशासाठी?' असा हवा. मुलांच्या शाळेतल्या प्रकल्पाला रंगीत झेरॉक्स पुरते. ती पावडरच्या शाईवर निघते, तिला फोटो समजून अल्बममध्ये लावू नये.

वाढदिवसाचे फोटो पाहुण्यांच्या हातात लगेच द्यायचे असतील तर झटपट फोटोचे छोटे मशीन उत्तम. त्यात पिवळा, किरमिजी आणि निळा असे रंग एकावर एक चढतात आणि वर पारदर्शक थर बसतो. त्यामुळे फोटो कोरडाच हातात येतो आणि बोटांचे डाग पडत नाहीत. मात्र अशा मशीनवर बहुधा लहान आकारच निघतात.

अल्बमसाठी आणि भिंतीसाठी मी डिजिटल लॅबचा रासायनिक प्रक्रियेतला फोटो पसंत करतो. त्यात प्रकाशाला संवेदनशील असलेला चांदीच्या क्षारांचा कागद वापरतात. पूर्वी रोलवरून निघायचा तोच हा प्रकार, फक्त निगेटिव्हच्या जागी फाईल आली. बहुतेक वेळा कागदाच्या पाठीवर फुजी किंवा कोडॅकसारख्या कंपनीचे नाव पुसट छापलेले असते. इंकजेटवरही सुंदर फोटो निघतात, पण शाई कोणती हे विचारावे. डाय प्रकारची शाई पाण्याने पसरू शकते, पिगमेंट प्रकारची जास्त टिकते.

आपल्या भागात पाण्याचा विचार करावाच लागतो. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभेचे पाणी घराघरांत शिरले, तेव्हा भांडीकुंडी नंतर घेता आली, अल्बम मात्र परत आले नाहीत. लॅबचे फोटो भिजून एकमेकांना चिकटले तर ओढून काढू नयेत. स्वच्छ थंड पाण्यात ठेवून हलकेच सुटे करावेत आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवावेत. इंकजेटच्या फोटोंवर मात्र हा उपाय करू नये, शाई वाहून जाईल.

एकच फोटो, तीन ठिकाणी

यंदा मी पाच फोटो निवडले आणि तेच तीन ठिकाणी छापून घेतले. एक अज्जीचा चेहरा, एक लग्नातला ग्रुप, एक पावसातले शेत, एक रात्रीच्या दिव्यांचा आणि एक स्कॅन केलेला जुना कृष्णधवल.

पहिल्या दुकानात मशीनने आपल्या मनाने उजळपणा वाढवला आणि आमचे सावळे घर एका दिवसात गोरेपान झाले! कृष्णधवल फोटोवर हिरवट झाक आली ती वेगळीच. दुसऱ्या ठिकाणी रंग ठीक होते, पण ग्रुपमध्ये वरच्या पायरीवर उभ्या असलेल्या काकांचे डोके कापले गेले. तिसरी सेवा ऑनलाईन होती. रंग आणि कागद दोन्ही चांगले, पण पार्सल उशिरा आले आणि एका फोटोचा कोपरा दुमडलेला निघाला. पहिल्या दुकानदाराला उजळपणाचे सांगितले तेव्हा त्याने तक्रार न करता ती आपोआप होणारी सुधारणा बंद करून फोटो पुन्हा छापून दिले. अज्जी पुन्हा अज्जीसारखी दिसू लागली. आता मी त्याच्याकडेच जातो. चूक कोणाकडूनही होते, ती दाखवल्यावर दुकानदार काय करतो यावरून दुकान ओळखावे.

काकांचे डोके का कापले गेले, हेही समजून घ्या. मोबाईलचा फोटो बहुधा ४:३ या प्रमाणात असतो आणि ४×६ इंचाचा कागद ३:२ या प्रमाणात. कागद पूर्ण भरायचा तर चित्राचा सुमारे नववा भाग कापावाच लागतो. म्हणून सांगताना 'कट माडब्याड्री, कडेला पांढरी पट्टी राहिली तरी चालेल' असे स्पष्ट सांगा. ऑनलाईन असेल तर कापाची चौकट प्रत्येक फोटोवर स्वतः बघून घ्या.

फाईल मूळचीच द्या

व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलेला फोटो आकसतो. त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलच्या आसपास राहते. ६ इंची फोटोला ती पुरते, पण १२ इंची फोटोत चेहरा मऊ, पसरट दिसतो. चांगल्या छपाईसाठी दर इंचाला ३०० पिक्सेल धरतात, म्हणजे ८×१२ इंचासाठी २४०० गुणिले ३६०० पिक्सेल हवेत. २०२३ साली आलेल्या एचडी सोयीने थोडा फरक पडतो, पण फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवणे किंवा पेन ड्राईव्हवर नेणे अधिक चांगले. पेन ड्राईव्हवर निवडलेल्या फोटोंची प्रतच न्या, घरातला एकमेव साठा नको. काम झाल्यावर दुकानातल्या संगणकावरचे फोटो पुसायला सांगा. लेकीबाळींचे फोटो असतात, यात संकोच कसला?

कागद चकचकीत की मॅट? हातोहात फिरणाऱ्या अल्बमला मॅट बरा, बोटे उमटत नाहीत. फ्रेममध्ये फोटो आणि काच यांच्यामध्ये पुठ्ठ्याची चौकट ठेवा, नाहीतर पावसाळ्याच्या दमटपणात फोटो काचेला चिकटतो. चिकट पानांचे अल्बम टाळा, ते फोटो खराब करतात.

फोटोखाली अल्बमच्या पानावर पूर्ण नाव, गाव आणि साल लिहा. नुसते 'मावशी' लिहिले तर पुढच्या पिढीला कोणाची मावशी ते कळणार नाही. आपल्या घरांतली काही नातवंडे मराठी शाळेत जातात, काही कन्नड, म्हणून नाव दोन्ही लिप्यांत लिहावे.

सगळेच फोटो छापायची गरज नाही. वर्षाचे चाळीस-पन्नास पुरेत. पण सुरुवात घरातल्या सर्वांत मोठ्या माणसापासून करा. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात बसवून, त्यांना आवडणारे लुगडे किंवा टोपी घालून एक चांगला फोटो काढा आणि त्याची ८×१२ इंची प्रत करून घ्या. पहिली प्रत त्यांच्याच हातात द्या, म्हणजे 'मी अशी दिसते होय?' हे त्यांच्या तोंडून ऐकायला मिळेल.