जामनेरची बातमी जामनेरलाच

पूर्वी मोठ्या वृत्तपत्रात जामनेरला दोन ओळी मिळाल्या तरी आम्हांस अप्रूप वाटे. आता जिल्हा आवृत्तीत नळ, रस्ता, कापसाचा भाव, सारे छापून येते. हे चांगलेच झाले. परंतु ती जिल्ह्याबाहेर कोण वाचतो? पाचोरा-जामनेरची छोटी गाडी २०२० साली थांबली. तिची हळहळ वाचणार आम्हीच, आणि मध्य रेल्वेचे मुख्यालय मुंबईस! १८७७ साली निघालेला 'दीनबंधु' पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत चालविला. अंक सर्वांना एकच. गिरणीकामगाराचे गाऱ्हाणे सगळ्याच वाचकांपुढे जाई. आमच्याकडे जिनिंगमधल्या मजुरीचा तंटा पेटला, तेव्हा तसाच धुळ्यासही चालू होता. आम्हांस ते महिन्याने, एस.टी.तल्या एका प्रवाशाकडून कळले. बातम्या दोन्ही छापल्या गेल्या होत्या, आपापल्या आवृत्तीत.