सोसायटीत संगणक आला, पण तो रुजला का?



एकाच दुकानातून एकाच वाणाचे बी दोघांनी आणले, तरी दोघांच्या रानात ते सारखे उगवत नाही. एकाने वाफसा पाहून पेरलेले असते, तर दुसऱ्याने शेजाऱ्याची तिफण चालली म्हणून घाईने टाकलेले असते. बी तेच, पण पिकात फरक पडतो.

गावच्या संस्थांत येणाऱ्या संगणकाचेही असेच आहे. एखाद्या गावच्या विकास सोसायटीत सभासद सकाळी जातो आणि पाच मिनिटांत आपला खातेउतारा घेऊन घरी येतो. दुसऱ्या गावात तोच संगणक कापडाखाली झाकून ठेवलेला असतो, आणि सचिव अजून खतावणीची पाने उलटत असतात. असे का होते, हे आपण सभासदांनी समजून घेतले पाहिजे. कारण त्या यंत्रात जे आकडे चढतात ते तुमच्या घरचे असतात. तुमचे पीककर्ज, दुधाचे पैसे, उसाचे बिल सगळे त्यात येते.

हा प्रश्न आजचा आहे. २९ जून २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील ६३ हजार प्राथमिक शेती पतसंस्थांच्या, म्हणजे आपल्या गावोगावच्या सोसायट्यांच्या, संगणकीकरणाला मंजुरी दिली. त्यासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना आखली. यंत्र सरकारी योजनेतून येईल, पण त्याचा उपयोग होतो की नाही, हे गावातच ठरेल.

मक्याच्या बियाण्याने शिकवलेला धडा

नवी गोष्ट माणसे कशी स्वीकारतात, याचा एक नावाजलेला अभ्यास झाला तो शेतकऱ्यांचाच. अमेरिकेतील आयोवा राज्यात १९२८ च्या सुमारास संकरित मक्याचे बी आले. ते जास्त पिकत होते आणि पाण्याचा ताणही सोसत होते. तरीसुद्धा ते सर्वांच्या रानात पोहोचायला दहा-बारा वर्षे लागली. रायन आणि ग्रॉस या दोन अभ्यासकांनी तेथील २५९ शेतकऱ्यांना विचारपूस केली आणि १९४३ मध्ये आपले निष्कर्ष छापले. बियाण्याची पहिली बातमी बहुतेकांना विक्रेत्याकडून कळली होती. पण पेरायचे ठरवले ते शेजाऱ्याचे पीक पाहून. बहुतेकांनी पहिल्या वर्षी थोड्याच रानात पेरून पाहिले.

पुढे एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. ते आयोवातल्या शेतकऱ्याचेच चिरंजीव. त्यांच्या वडिलांनी हे संकरित बी आठ वर्षे घरात येऊ दिले नव्हते. १९३६ च्या दुष्काळात त्यांचा मका वाळला आणि शेजारचा संकरित मका मात्र उभा राहिला, तेव्हा कुठे त्यांची खात्री पटली. रॉजर्स यांच्या मते नवी गोष्ट स्वीकारताना माणूस पाच प्रश्न विचारतो. जुन्यापेक्षा हिचा फायदा काय? आपल्या रीतीत ती बसते का? समजायला सोपी आहे का? थोडी करून पाहता येते का? आणि तिचा गुण डोळ्यांनी दिसतो का?

शेतकऱ्याला हे पाच प्रश्न पुरतात, कारण निर्णय त्याचा, कष्ट त्याचे आणि नफा-तोटाही त्याचाच. संस्थेत मात्र हे तिन्ही वेगवेगळ्या माणसांकडे असते. निर्णय वरून येतो किंवा संचालक मंडळ घेते. कष्ट सचिवाला पडतात. नफा-तोटा होतो सभासदाचा. म्हणून संस्थेच्या बाबतीत आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: या यंत्रामुळे कोणाचे काम वाढले आणि कोणाचा फायदा झाला?

दूध डेअरीत यंत्र का रुजले?

घरच्या भगिनींना हे उदाहरण लगेच पटेल. पूर्वी डेअरीत दूध मापाने घेत आणि प्रत्येकाचा नमुना बाटलीत भरून ठेवत. गर्बर पद्धतीने, आम्ल घालून आणि नळ्या फिरवून, मागाहून फॅट काढीत. आपल्या दुधाला किती फॅट लागली हे घालणाऱ्याला त्या क्षणी कळत नसे. पुढे लागेल तो आकडा मुकाट्याने मान्य करावा लागे. त्यातून कुरबुरी होत आणि गटबाजीही माजे.

गुजरातमधील खेडा जिल्ह्याच्या भागातील दूध संस्थांत १९९० च्या दशकात इलेक्ट्रॉनिक काटा, फॅट मोजणारे यंत्र आणि संगणक एकत्र जोडून संकलन सुरू झाले. तीच पद्धत पुढे आपल्याकडेही आली. आता किटली ओतली की वजन दिसते, फॅट दिसते, दर दिसतो आणि हातात पावती पडते.

रॉजर्स यांचे पाचही प्रश्न येथे सुटले. फायदा रोज सकाळ-संध्याकाळ दिसला. गवळ्याच्या रीतीत काही बदल करावा लागला नाही, किटली घेऊन जायचे तसेच जायचे होते. शिकायचे असे फारसे काही नव्हते. सचिवाचे हिशेबाचे कामही हलके झाले. ज्याचे काम हलके होते, तो माणूस यंत्राला जपतो.

पण एक गोष्ट विसरू नका. यंत्रही चुकते. वजनकाटा दर वर्षी वैधमापन खात्याकडून तपासून त्यावर मुद्रांकन करून घ्यावे लागते. फॅटचे यंत्र अधूनमधून गर्बर पद्धतीशी ताडून पाहावे लागते. पावती छापील आहे म्हणून ती खरी, असे धरून चालू नये.

वारणा खोऱ्यातील अनुभव

आपल्या महाराष्ट्रातच एक मोठा प्रयोग झाला. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणा सहकारी समूहाच्या परिसरात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील ७० गावांत, १९९८ साली संगणकाचे जाळे टाकण्याचे ठरले. खर्चाचा निम्मा भार केंद्र सरकारने, ४० टक्के राज्य सरकारने आणि १० टक्के वारणा समूहाने उचलायचा होता. गावागावांत संगणक केंद्रे उघडली. शेतीचा सल्ला, बाजारभाव, शिक्षण, सरकारी कामे असे सारे त्यावर मिळेल, अशी कल्पना होती.

प्रत्यक्षात काय घडले? ही केंद्रे मुख्यतः उसाच्या कामालाच उपयोगी पडली. लागणीची नोंद, तोडणीची पाळी, वजन, खताची उचल आणि बिल यांची माहिती सभासदाला गावातच मिळू लागली आणि कारखान्याकडे घालावे लागणारे हेलपाटे वाचले. बाकीची बरीचशी स्वप्ने कागदावरच राहिली.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. उसाची माहिती ताजी ठेवणे ही कारखान्याची स्वतःची गरज होती. त्यासाठी माणसे नेमलेली होती आणि चूक झाली तर जाब विचारणारा सभासद समोर उभा होता. बाकीच्या माहितीला असा धनी नव्हता. ज्या माहितीला धनी नाही, ती थोड्याच दिवसांत शिळी होते. एकदा शिळी माहिती मिळाली की माणूस दुसऱ्यांदा विचारायला जात नाही.

पुढची गोष्ट त्याहून बोलकी आहे. काही वर्षांत ते संगणक जुने झाले. वीज जाई, यंत्रे बिघडत, दुरुस्तीचा खर्च वाढे. मग २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरू येथील संशोधकांनी सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. गावातील संगणकाचे सारे काम त्यांनी साध्या मोबाइल फोनवरच्या लघुसंदेशाने करून दाखवले. ते स्वस्त पडले, सोयीचे ठरले आणि शेतकऱ्यांनाही जास्त आवडले.

यातून काय घ्यायचे? यंत्र जितके मोठे तितके चांगले, असे नसते. गावातली वीज, गावातला दुरुस्तीवाला आणि लोकांच्या हाताला असलेली सवय यांना जे झेपते तेच टिकते.

दोन कर्जमाफ्या, दोन रीती

दुसरे उदाहरण तुमच्या घरातलेच आहे. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाखापर्यंतची थकबाकी माफ व्हायची होती. त्यासाठी शेतकऱ्याने स्वतः संगणकावर अर्ज भरायचा होता. गावोगावच्या केंद्रांपुढे रांगा लागल्या, आणि पुढे याद्यांतही चुका निघाल्या.

२०१९ च्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत मर्यादा दोन लाखांची होती. या वेळी अर्जच ठेवला नाही. बँकांनी खात्यांची माहिती द्यायची, याद्या गावात लावायच्या आणि शेतकऱ्याने जाऊन आधारच्या खुणेने खात्री करायची, अशी रीत ठेवली.

दोन्ही वेळा कामाला संगणकच होता. फरक होता तो कामाच्या वाटणीत. पहिल्या वेळी माहिती भरण्याचा भार ज्याला सवय नाही त्या शेतकऱ्यावर पडला. दुसऱ्या वेळी ज्याच्याकडे माहिती होती त्यानेच ती भरली. नवे यंत्र आणणाऱ्या प्रत्येक संस्थेने हे ध्यानात धरावे.

सचिवाची बाजूही ऐका

सोसायटीतला संगणक पडून राहिला की आपण लगेच म्हणतो, ‘सचिवालाच नको आहे.’ कधी ते खरेही असते. वही एकाच्याच हातात राहिली की गावही त्याच्याच मुठीत राहते. पण दर वेळी तसे नसते. जुन्या खतावणीतली प्रत्येक सभासदाची मुद्दल, व्याज आणि शेअर्स संगणकात चढवायचे, ते बँकेच्या आकड्याशी जुळवायचे, आणि काही काळ वही आणि संगणक दोन्ही चालवायचे, हे काम दुप्पट कष्टाचे आहे. त्यातच एका सचिवाकडे दोन-तीन सोसायट्या असतील तर विचारायलाच नको. तालुक्याला दोन दिवस शिकवणी घेतली आणि महिन्याभराने काही अडले, तर विचारायचे कोणाला? जेथे हाक मारताच येणारा जाणता माणूस असतो तेथे संगणक चालतो. तो नसेल तर पहिल्या बिघाडातच संगणकावर कापड पडते.

म्हणून संचालक मंडळाने सचिवाला वेळ द्यावा, मदतीला माणूस द्यावा. गावातल्या शिकलेल्या मुला-मुलींना नोंदी ताडून पाहण्याच्या कामी घ्यावे.

तुम्ही काय करावे?

समजा, तुम्ही कर्ज घेतले आणि मुदतीत फेडले, पण भरण्याची एक नोंद जुन्या वहीतून संगणकात चढलीच नाही. यंत्राच्या लेखी तुम्ही थकबाकीदार ठरता. व्याजाची सवलत हुकते आणि नवे कर्ज अडते. वहीतली चूक निदान बोट ठेवून दाखवता येत होती. संगणकातली चूक तुम्ही उतारा मागितल्याशिवाय दिसतच नाही.

सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी होते. त्या सभेला जा, आणि घरातल्या कारभारणीच्या नावावर शेअर असेल तर तिलाही न्या. तेथे हे प्रश्न विचारा:

१. सर्व सभासदांची खाती संगणकात चढली का? जुन्या वहीशी ती कोणी ताडून पाहिली?

२. प्रत्येक सभासदाला मराठीत छापील खातेउतारा केव्हा मिळणार?

३. यंत्र बिघडले तर दुरुस्त कोण करणार, किती दिवसांत, आणि तो खर्च कोणत्या खात्यातून होणार?

४. सचिवाची बदली झाली किंवा ते आजारी पडले, तर काम जाणणारा दुसरा कोण?

५. नोंदींची दुसरी प्रत कोठे ठेवली जाते?

६. चूक सापडल्यास ती कोणाकडे सांगायची आणि किती दिवसांत दुरुस्त होणार?

उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा. उतारा हाती आला की तो जुन्या पासबुकाशी आणि भरण्याच्या पावत्यांशी ओळीओळीने ताडा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाकडून वाचून घ्या. फरक दिसला तर त्याच आठवड्यात लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. जुन्या पावत्या मात्र चुलीत घालू नका. त्या पेटीत जपून ठेवा.

आयोवाच्या शेतकऱ्याने मक्याचे बी आधी थोड्या रानात पेरून पाहिले होते. तुमच्या सोसायटीलाही तोच मार्ग बरा. आधी एक काम नीट चालू द्या. पीककर्जाचा खातेउतारा प्रत्येकाच्या हातात बिनचूक पडू द्या. ते जमले म्हणजे खताचा साठा, ठेवी, धान्य खरेदी हे सारे हळूहळू त्यावर नेता येईल. आणि शेजारच्या गावातील सोसायटीचा संगणक चांगला चालत असेल, तर चार संचालक आणि सचिव यांना एक दिवस तेथे पाठवा. व्याख्यान ऐकून पटणार नाही ते शेजाऱ्याचे चालते काम पाहून पटेल.