शांतिनिकेतनातील हिवाळा

कवी म्हणजे जगाचा गलबला टाळून एकांतात रमणारा मनुष्य, अशी पुष्कळांची समजूत असते. रवींद्रनाथ ठाकूर (१८६१–१९४१) यांची दिनचर्या पाहिली, म्हणजे ही समजूत किती अपुरी आहे हे ध्यानी येते.

बंगालमधील बीरभूम जिल्ह्यात, बोलपूरजवळच्या तांबड्या माळरानावर शांतिनिकेतन वसले आहे. तेथे २२ डिसेंबर १९०१ रोजी, बंगाली पंचांगातील पौष महिन्याच्या सातव्या दिवशी, रवींद्रनाथांनी आपली शाळा सुरू केली. तेव्हा विद्यार्थी होते अवघे पाच! खर्च भागवण्यासाठी त्यांच्या पत्नी मृणालिनीदेवींनी आपले दागिनेही दिले.

हिवाळ्यात कवी पहाटेच्या अंधारात उठत आणि सूर्योदयापूर्वीची निवांत वेळ चिंतनात घालवीत. पुढे लेखन सुरू होई. नवे गीत सुचले, की ते आपल्या थोरल्या बंधूंचे नातू दिनेंद्रनाथ यांना तत्काळ म्हणून दाखवीत. कारण स्वतः रचलेली चाल ते पुढे विसरून जात! दिनेंद्रनाथ ती चाल टिपून ठेवीत.

तोवर मुले आपापली आसने घेऊन झाडांखाली जमत. भिंतींच्या आड कोंडलेले शिक्षण कवींना मान्य नव्हते. थंडीच्या दिवसांत तर कोवळे ऊन अंगावर घेत धडे चालत. रवींद्रनाथ स्वतः वर्ग घेत, मुलांसाठी नाटके लिहीत व त्यांत भूमिकाही करीत. बालकांना बंगाली वाचायला शिकवणारे ‘सहज पाठ’ हे पुस्तक त्यांनी १९३० मध्ये प्रसिद्ध केले. त्याची चित्रे नंदलाल बोस यांनी काढली. जगद्विख्यात कवीला मुळाक्षरांचे पुस्तक लिहिण्यात कमीपणा वाटला नाही.

सातव्या पौषाला आश्रमात उत्सव होई. काचेच्या उपासना-मंदिरात कवींचे प्रवचन होई, जत्रा भरे, आणि एकतारी घेतलेल्या बाऊल गायकांची गाणी माळावर घुमत.

परंतु संस्था केवळ गीतांवर चालत नाही. १९२१ मध्ये शाळेच्या जोडीला विश्वभारती उभी राहिली आणि पैशाची चिंता वाढली. कवींनी गावोगावी व्याख्याने दिली. १९३६ च्या आरंभी, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर असताना आणि प्रकृती थकलेली असताना, नृत्यनाट्याचे प्रयोग करून निधी जमवण्यासाठी ते विद्यार्थ्यांसह उत्तर हिंदुस्थानात हिंडले. दिल्लीत गांधीजींना ही गोष्ट समजली, तेव्हा त्यांचे मन व्यथित झाले. त्यांनी साठ हजार रुपयांची व्यवस्था करवून कवींना ही दगदग थांबवण्याची विनंती केली.

लेखन, अध्यापन आणि प्रवास ही रवींद्रनाथांची तीन निरनिराळी आयुष्ये नव्हती. पहाटे सुचलेले गीत दुपारी मुलांच्या कंठात जाई, आणि त्याच मुलांसाठी कवी झोळी घेऊन दाराबाहेर पडे. शब्दांवर प्रेम करणे सोपे असते. त्या शब्दांसाठी झिजणे मात्र फार थोड्यांना साधते.