बोहारणीच्या गाठोड्यातून : जुने कपडे वाचायचे कसे?

मागच्या वर्षी आमच्या आत्यांनी इंदूरचं जुनं घर सोडायचं ठरवलं. भांडी वाटून झाली, पितळ विकलं, आणि शेवटी उरली माळ्यावरची लोखंडी ट्रंक. ती उघडायला मी आणि माझी भाची बसलो. भाची पंचवीस वर्षांची. दुकानातलं नवं तिला नकोच असतं. कुणाच्या आजीचं पातळ, कुणाच्या आजोबांचं जाकीट असं शोधून शोधून वापरते. तिच्या मैत्रिणींचा सगळा गटच तसा आहे.

ट्रंकेत वर महेश्वरी लुगडी होती, खाली कागदात गुंडाळलेली एक पगडी, आणि अगदी तळाशी एक साधं, बिनकाठाचं तांबडं वस्त्र. भाचीनं तेच उचललं आणि खांद्यावर टाकून आरशासमोर उभी राहिली. "मावशी, काय भारी रंग आहे! याचा लांब कुडता शिवते."

तेवढ्यात आत्या आत आल्या. तिच्याकडे पाहिलं, "ते काढ अंगावरून" म्हणाल्या आणि परत गेल्या.

भाचीला काहीच कळलं नाही. मला कळलं, पण पटकन सांगता आलं नाही. हा लेख त्या दिवसामुळेच लिहिते आहे.

कपडा म्हणजे ओळखपत्र

एखादा लहान गट चारचौघांपेक्षा वेगळा पेहराव करतो आणि त्यावरून एकमेकांना ओळखतो, याला हल्ली 'फॅशन सबकल्चर' म्हणतात. गंमत अशी की हे वेगळेपण पुष्कळदा जुन्या कपड्यांतूनच येतं. लंडनमध्ये १९५० च्या दशकात कामगार वस्त्यांमधल्या पोरांनी राजा सातव्या एडवर्डच्या काळातल्या बड्या लोकांसारखे लांब कोट घालायला सुरुवात केली. त्यांना 'टेडी बॉईज' नाव पडलं, ते एडवर्डच्या 'टेडी' या लाडक्या नावावरून. कपड्याची धाटणी आजोबांच्या काळातली, पण अर्थ नवा.

आपल्याकडेही हेच चालू आहे. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी, नथ, फेटा, डोळ्यांवर गॉगल आणि खाली बुलेट अशा मुली आता सगळीकडे दिसतात. त्यांच्या पणज्या त्याच नऊवारीत दळण-कांडण करत होत्या. कासोटा तेव्हा कामाच्या सोयीचा होता, आज तो मिरवायचा झाला आहे. यात वाईट काही नाही. कपड्याचा अर्थ बदलतच असतो.

पेहरावावरून माणूस ओळखायची रीत आपल्याला नवीनही नाही. शिंदेशाही पगडी वेगळी, होळकरशाही वेगळी, पुणेरी वेगळी. टोक कुठे, कोन कसा, यावरून समोरचा कुठल्या दरबारचा ते लांबूनच कळे. पगड्या बांधून देणाऱ्या पगडबंदांचा तो स्वतंत्र धंदाच होता. पुढे टोपी आली, मग उघडी डोकी आली, आणि पगड्या ट्रंकेत गेल्या. पुणेरी पगडीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण घराघरांतल्या कितीतरी पगड्या कसरीनं खाल्ल्या.

इंदूरकरांसाठी एक खास उदाहरण सांगते. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांची बर्नार्ड बुते द मोंव्हेल या फ्रेंच चित्रकारानं दोन प्रसिद्ध व्यक्तिचित्रं केली. १९२९ च्या चित्रात महाराज पाश्चात्त्य पद्धतीच्या काळ्या-पांढऱ्या रात्रपोशाखात आहेत. काही वर्षांनंतरच्या चित्रात तेच महाराज पांढऱ्या मराठा पेहरावात, डोक्यावर पगडी आणि गळ्यात 'इंदूर पेअर्स' हे हिरे घालून बसले आहेत. माणूस एक, चित्रकार एक, पण कपड्यांनी सांगितलेली गोष्ट वेगळी. महाराजांना दोन्हीतलं हवं ते निवडता येत होतं. हा 'निवडता येण्याचा' मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बोहारीण काय न्यायची?

जुने कपडे घराबाहेर पडायचे ते बोहारणीच्या हातून. हिंदी शेजारात तिला बर्तनवाली म्हणत, आमच्या घरात ती बोहारीणच. डोक्यावर भांड्यांची पाटी, पाठीशी गाठोडं. दोन लुगडी आणि एक कोट दिला की स्टीलचा डबा मिळे, आणि त्यासाठी दारात तासभर घासाघीस चाले. माझ्या आजीची एक महेश्वरी अशीच एका पातेल्यावर गेली. पातेलं अजून आहे. लुगड्याचा रंग मात्र आता घरात कुणालाच आठवत नाही.

हा धंदा वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या तो करत आल्या. दिल्लीतल्या रघुबीर नगरचा पहाटेचा जुन्या कपड्यांचा बाजार त्यांच्याच जिवावर उभा आहे. तिथे गाठोडं सुटतं आणि निवड होते. धड कपडे धुऊन, रफू करून पुन्हा विकले जातात आणि गरिबाच्या अंगावर जातात. फाटक्यांच्या चिंध्या होऊन कारखान्यात यंत्रं पुसायला जातात. रेशमी साड्यांच्या उशा, पिशव्या आणि परदेशी जाणारे झगे होतात. खरी जर असलेली साडी जर विकत घेणाऱ्याकडे पोचते. तो ती जाळून चांदी काढतो, कारण जुनी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार.

म्हणजे बोहारणीनं आपला वारसा लुटला असं नाही, उलट तिनं कपड्याचं आयुष्य वाढवलं. हरवते ती कपड्याबरोबरची माहिती. कुणाचं, केव्हाचं, कुठे नेसलेलं, हे गाठोड्यात बांधून जात नाही.

कपडा काय काय सांगतो

थोडं निरखून बघितलं तर कपडाही बोलतो. ट्रंक उघडाल तेव्हा एवढं पाहा.

लांबी मोजा. साडेपाच मीटरच्या आसपास भरली तर सहावारी, आठ मीटरच्या पुढे गेली तर नऊवारी. नऊवारीला फॉल लावत नसत. खालच्या काठावर सुईच्या छिद्रांची सलग ओळ दिसली तर ती फॉल लावून नेसलेली सहावारी.

मधोमध आडवी शिवण आहे का ते बघा. असली तर ते दंड घातलेलं लुगडं. मधला विरलेला भाग कापून दोन धड तुकडे जोडायचे, त्याला दंड घालणं म्हणत. आज विकत घेणाऱ्याला तो दोष वाटतो. माझ्या मते त्या घरातला सर्वांत खरा दस्तऐवज तोच, कारण ओढगस्तीच्या दिवसांची नोंद वहीत सहसा कुणी करत नाही.

महेश्वरी ओळखायची असेल तर पदर आणि काठ बघा. पदरावर पाच पट्टे असतात, तीन रंगीत आणि दोन पांढरे. पारंपरिक काठ दोन्ही बाजूंनी सारखा, म्हणजे लुगडं उलटंसुलटं कसंही नेसता येतं. चटई, वीट, हिरा, नर्मदेची लहर असे काठांचे नमुने महेश्वरच्या किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडी कामाशी नातं सांगतात. अहिल्याबाईंनी महेश्वरला राजधानी केली आणि तिथल्या विणकरांना आश्रय दिला. पुढे हे विणकाम पार खालावलं होतं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस 'रेहवा' संस्था उभी राहिली आणि माग पुन्हा चालू लागले.

पैठणी असेल तर पदर उलटा करा. हातमागाच्या खऱ्या पैठणीचं मागचं नक्षीकाम जवळजवळ पुढच्यासारखंच दिसतं. मागे सुटे धागे लोंबत असतील तर ते काम बहुतेक यंत्रावरचं.

आणि ते तांबडं वस्त्र

आता ट्रंकेच्या तळाशी परत येऊ. ते आलवण होतं. विधवेचं केशवपन केलं की तिला आयुष्यभर हे एकच तांबडं, बिनकाठाचं वस्त्र. तेही लांबून ओळखू येई, पगडीसारखंच. पण पगडी मिरवायची होती आणि आलवण लादलेलं होतं. महर्षी कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं, १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला, तरी घराघरांतली आलवणं जायला पुढे कितीतरी वर्षं लागली.

संध्याकाळी भाची आत्यांजवळ जाऊन बसली. तेव्हा आत्या पहिल्यांदा बोलल्या. ते त्यांच्या आजीचं होतं. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला, सत्तरीत ती गेली. "तिला काय नेसायचंय ते तिला कधी कुणी विचारलं नाही गं," एवढंच म्हणाल्या.

भाचीनं कुडता शिवला नाही. मी नको म्हटलं म्हणून नव्हे, तिचं तिनंच ठरवलं. महेश्वरी मात्र ती हौसेनं नेसते, आणि आत्यांना ते फार आवडतं. जुना कपडा वापरूच नये असं माझं म्हणणं नाही. तो वापरला की जगतो, ट्रंकेत तर त्याला कसरच लागते. कापण्याआधी, नेसण्याआधी तो कुणाचा होता एवढं विचारावं, बस.

वाचकांना विनंती

तुमच्याकडे अशी ट्रंक असेल तर घरातली जाणती माणसं आहेत तोवर उघडा. प्रत्येक कपड्याचा पुढून-मागून फोटो काढा. लांबी, रुंदी, काठ, दंड, डाग लिहून ठेवा. कुणाचं आणि कुठल्या प्रसंगाचं, ते त्यांच्याच शब्दांत टिपून घ्या. ठेवताना प्लास्टिकची पिशवी नको, धुतलेल्या जुन्या मलमलीत गुंडाळा. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका. वर्षातून दोनदा उलगडून घड्या बदला, नाहीतर जर घडीवरच तुटते. जड साडी टांगून ठेवू नका.

कापायचीच असेल तर खुशाल कापा, पण आधी नोंद करा आणि काठापदराचा वीतभर तुकडा राखून ठेवा. आमच्या आलवणाला आता एक चिठ्ठी टाचून ठेवली आहे. त्यावर पणजीआजीचं नाव आहे, माहेरचं आणि सासरचं, दोन्ही. अक्षर भाचीचं आहे.