चाकावरचा मधुमेही : चिकित्सा आणि दक्षता

मधुमेही म्हटला की स्थूल व सुखासीन व्यक्ती डोळ्यांसमोर येते. परंतु नारायणगाव-ओतूर पट्ट्यातील भाजीपाला रात्रीतून माळशेज घाट उतरून वाशीच्या बाजार समितीत पोहोचविणारा टेम्पोचालकही आज हीच व्याधी घेऊन आपल्याकडे येतो. त्याला दिलेल्या औषधाचा परिणाम त्याच्या देहापुरता मर्यादित राहत नाही. रस्त्यावरील इतरांचे प्राणही त्याच्याशी निगडित असतात.

हेतूंचा संकर

चरकांनी प्रमेहाचे १० कफज, ६ पित्तज व ४ वातज असे २० प्रकार सांगितले. बैठे जीवन, दही, नवे धान्य हे कफज हेतू. जागरण, अनशन, वेगावरोध हे वातज. चालकाच्या दिनचर्येत हे दोन्ही गट एकत्र नांदतात. तो तासन् तास आसनावर बसतो आणि त्याच वेळी जागरण करतो, जेवण चुकवितो, मूत्रवेग अडवितो. सुश्रुतांनी निर्धन प्रमेहीस शंभर योजने पायी चालावयास सांगितले. आपला चालक तेवढे अंतर सहज कापतो, पण बसून. म्हणूनच माल उतरविण्याची वाट पाहताना वीस-तीस मिनिटे चालणे हे त्याच्या चिकित्सेचे अंग समजावे.

खरा धोका कोठे आहे?

आपल्याकडे येण्यापूर्वी असा रुग्ण बहुधा आधुनिक औषध घेत असतो. केवळ मेटफॉर्मिन असेल तर रक्तशर्करा धोकादायक रीतीने उतरण्याची शक्यता अल्प असते. परंतु ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड किंवा इन्सुलिन चालू असताना गुडमार, मेथी, कारले यांची जोड दिली, वर लंघन सांगितले आणि त्या रात्री जेवण चुकले, तर शर्करा ७० मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकते. घाम, कंप, धडधड, नंतर मतिभ्रम ही लक्षणे घाटात उद्भवली तर काय होईल, हे सांगावयास नको. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू असल्यास कंप व धडधड झाकली जाते. केवळ घामाकडे लक्ष ठेवावे लागते.

स्थूल व बलवान प्रमेहीस संशोधन आणि कृश व दुर्बलास बृंहण, हा चरकांचा भेद येथे मोलाचा आहे. वजन घटलेल्या, जागरणाने खंगलेल्या चालकास सरसकट लंघन देणे शास्त्रसंमत नाही.

ब्रिटनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या चालकाने निघण्यापूर्वी व दर दोन तासांनी शर्करा तपासावी, ९० मिलिग्रॅमच्या खाली असल्यास आधी खावे, असा दंडक आहे. शर्करा ७० च्या आसपास उतरली तर ती पूर्ववत झाल्यावरही ४५ मिनिटे गाडी हाती घेता येत नाही. हा दंडक आपल्या रुग्णास समजावून सांगण्यास काहीच अडचण नसावी.

व्यवहारात काय करावे?

१. केसपेपरवर व्यवसाय व कामाची वेळ नोंदवावी. चालू गोळ्यांची पाकिटे प्रत्यक्ष पाहावीत.

२. शर्करा उतरविणाऱ्या गोळ्या वा इन्सुलिन चालू असताना आपले औषध अल्प मात्रेत आरंभावे, मूळ वैद्यकीय सल्लागारास कळवावे. चालू औषध परस्पर बंद करू नये.

३. ग्लुकोजची पुडी गाडीत हाताशी असावी. लक्षण जाणवताच गाडी कडेला घ्यावी, १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यावे व १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे.

४. पायांची संवेदना व दृष्टी तपासावी. ब्रेकवरील पाय बधिर असणे ही साधी बाब नव्हे.

औषधी विक्रेत्यांनीही मधुमेहाचे चूर्ण किंवा आसव मागणाऱ्यास दोन प्रश्न अवश्य विचारावेत : दुसरी कोणती गोळी चालू आहे, आणि गाडी चालविता का?

परिवहन वाहनाच्या परवान्यासाठी नमुना १-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. त्यामुळे पोटावर पाय येईल या भीतीने चालक व्याधी लपवितो. आपण त्यास धाक न घालता विश्वासात घेतले, तर तो नियमित तपासणीस येईल, आणि त्याचा रोजगारही सुरक्षित राहील. रुग्णाची जीविका सांभाळून व्याधी आवरणे हीच येथे चिकित्सकाची कसोटी होय.