वाड्यातली बिऱ्हाडे आणि विजेचे बिल

आपण घरबसल्या रेल्वेचे आरक्षण करतो किंवा विजेचे बिल भरतो, तेव्हा पलीकडून उत्तर देणारा संगणक बहुधा आभासी असतो. पूर्वी एका कामाला एक यंत्र असे. आता एका दणकट सर्व्हरवर असे दहा-वीस आभासी संगणक नांदतात, जुन्या वाड्यात बिऱ्हाडे नांदत तसे. मात्र इथे प्रत्येक बिऱ्हाडाला वाटते, सारा वाडा आपलाच आहे! व्हीएमवेअर कंपनीने आपली सर्व्हरसाठीची ईएसएक्स प्रणाली २००१ साली बाजारात आणली, तेव्हापासून ही पद्धत झपाट्याने रूढ झाली.

या वाड्याच्या विजेचे काय? गूगलचे लुईझ बारोसो आणि उर्स होल्झले यांनी २००७ साली पाच हजारांहून अधिक सर्व्हरची सहा महिन्यांची आकडेवारी मांडली. ही यंत्रे बहुतेक वेळ ताकदीच्या १० ते ५० टक्केच राबत होती. आणि त्या काळचा काटकसरी सर्व्हरसुद्धा काहीही काम नसताना पूर्ण भाराच्या निम्मी वीज खात होता. स्टँडवर उभ्या रिक्षाने इंजिन चालू ठेवावे, तसा हा प्रकार.

त्यानंतर प्रोसेसर बरेच शहाणे झाले. वीज वाचवण्याचे त्यांचे मार्ग दोन. पहिला, काम कमी असेल तेव्हा वेग उतरवायचा. वेग उतरला की व्होल्टेजही कमी चालते, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. दोन्ही २० टक्क्यांनी उतरवता आले, तर प्रत्यक्ष कामात खर्च होणारी वीज गणिताने जवळजवळ निम्म्यावर येते. दुसरा मार्ग झोपेचा. रिकामा गाभा, म्हणजे प्रोसेसरमधला कामाचा एक विभाग, डुलकी घेतो किंवा गाढ झोपतो. डुलकीतून उठायला एक-दोन मायक्रोसेकंद पुरतात, गाढ झोपेतून शे-दीडशे लागू शकतात.

तुम्ही म्हणाल, सेकंदाचा दहा हजारावा भाग, त्याचे काय एवढे? तिकिटाच्या खिडकीला काहीच नाही. पण शेअर बाजाराचे व्यवहार किंवा दूरध्वनीवरचा आवाज हाताळणाऱ्या यंत्रणेत असे उशीर साचत जातात. वेग किती ठेवायचा, हे ठरवतो वाडा. बिऱ्हाडकरूला त्याचा पत्ताही नसतो. आभासी संगणकाच्या आत शिरून विजेची सेटिंग कितीही बदला, खालच्या प्रोसेसरवर सहसा काहीच परिणाम होत नाही.

म्हणूनच तक्रार नको म्हणून सगळीकडे सरसकट ‘हाय परफॉर्मन्स’ लावून ठेवण्याची सवय संगणक विभागांना लागते. माझ्या मते ही सवय महागाची. एका सर्व्हरमागे १०० वॉट वाया गेले, तर वर्षाला ८७६ युनिट होतात. चाळीस सर्व्हरमागे पस्तीस हजार. वातानुकूलनाचा खर्च वेगळाच. बिल दुसऱ्या खात्यातून जाते, म्हणून ते सलत नाही, एवढेच.

गंमत अशी की त्याने वेग वाढेलच असेही नाही. आजच्या प्रोसेसरमध्ये शेजारचे गाभे गाढ झोपले, तर त्यांच्या वाट्याची वीज आणि उष्णतेची मुभा जाग्या गाभ्याला मिळते आणि तो नेहमीच्या वेगापलीकडे धावतो. झोपेवर बंदी घातली, की ही चढाई खुंटते. एकट्याने धावणाऱ्या कामाला ‘हाय परफॉर्मन्स’ असा उलटा बाधू शकतो. ईएसएक्सआयच्या २०११ मधल्या पाचव्या आवृत्तीपासून मूळ सेटिंग ‘बॅलन्स्ड’ आहे. बहुतेकांनी ती तशीच ठेवावी, आणि उशीर खरोखर न चालणारी बिऱ्हाडे तेवढी वेगळ्या वाड्यात हलवावीत. एक तपासणी मात्र जरूर करावी: यंत्राच्या बायोसने वेगाचा ताबा स्वतःकडेच ठेवला असेल, तर वरच्या प्रणालीचा हुकूम खाली पोचतच नाही.

खरी मोठी बचत आणखी वेगळीकडे आहे. रात्री काम ओसरले, की चालू आभासी संगणक न थांबवता थोड्या सर्व्हरवर एकवटायचे आणि उरलेले सर्व्हर चक्क बंद करायचे. ही सोयही आता जुनी झाली, पण अनेकजण ती वापरायला धजत नाहीत. बंद केलेला सर्व्हर पुन्हा उभा राहायला काही मिनिटे घेतो; सकाळची गर्दी तेवढी थांबत नाही. म्हणून जाणते लोक गर्दीच्या थोडे आधीच यंत्रे उठवतात आणि एखादे जास्तीचे यंत्र रात्रभर जागे ठेवतात.